नागपूरजवळ नाशिकसारखं लक्झरी वाईनयार्ड हॉटेल काढायचं आहे, हॉटेल कसं चालवायचं अन् वाईनचं प्रमोशन कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की काटोलजवळ घरची १० एकर जमीन आहे, थोड्या भागात संत्रा आहे, अन् तिथं द्राक्षाची बाग लावून मधोमध लक्झरी हॉटेल बांधायचं अन् स्वतःच्या नावाची वाईन काढायची. मी नागपूरचाच आहे, हॉटेल लाईनमधला, बरीच वर्षं नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीच्या (वाईन बनवायच्या कारखान्याच्या) रिसॉर्टमध्ये फूड अँड बेव्हरेज सांभाळलं, आता इकडं वर्धा रोडला एका हॉटेलात तेच काम करतो, त्यामुळे दोन्हीकडचं पाहिलेलं सांगतो. हॉटेल होईल, चांगलं होईल, फक्त १० एकरात द्राक्ष लावायचं आधी डोक्यातून काढा.

कागद घेऊन बसा. वाईनच्या द्राक्षाला घड मुद्दाम कमी ठेवतात म्हणजे गोडी अन् रंग नीट उतरतो, तरी एकरी ४ टन धरा, १० एकरात ४० टन. एका टनातून साधारण ६५० लिटर वाईन निघते, म्हणजे तुमच्याकडे दरवर्षी ३४-३५ हजार बाटल्या तयार. आता हॉटेल २० खोल्यांचं, वर्षाचे ३६५ दिवस फुल्ल, अन् खोलीमागे रोज एक बाटली संपली असं धरलं (असं कुठंच होत नाही) तरी ७,३०० बाटल्या होतात. उरलेल्या २७ हजार कोण घेणार? त्या दुकानात न्यायच्या म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, लेबलचं रजिस्ट्रेशन, दुसऱ्या राज्यात विकायची तर तिथली फी वेगळी, अन् रॅकवर शेजारी सुला, फ्रातेली, ग्रोव्हर झम्पा या मोठ्या वाईन कंपन्या बसलेल्या. तो धंदा हॉटेलचा नाही, तो पूर्ण वेगळा धंदा आहे अन् त्याला वेगळा पैसा लागतो. हॉटेलला पुरेल एवढी वाईन २ एकरातच निघते, अन् एवढीच बाग पाहुण्याला फिरून दाखवायलाही भरपूर होते.

अन् ते २ एकरसुद्धा काटोलला लावावे का, तर माझं मत नाही. आपल्याकडे द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी अन् सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर जी नवी फूट निघते त्याच काडीत पुढच्या हंगामाचे घड धरायची तयारी होते, शेतकरी त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात, अन् नेमकं त्याच वेळी नागपुरात पारा ४५ च्या वर. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, आपण ३१० च्या आसपास, तो फरक मे महिन्यात कळतो. वरून फेब्रुवारी-मार्चची गारपीट, जी आपल्या विदर्भाला नवी नाही, अन् वाईनच्या द्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्चच असते, म्हणजे वर्षभराचं पीक झाडावर असतानाच गारा. काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळ्यांचे हाल, डावणी अन् भुरी या रोगांची फवारणी सांभाळणारा माणूस इकडं सहज मिळत नाही. कुणी म्हणेल शेडनेट टाकू, ड्रिप करू, होईलही, पण पहिलं धड पीक तिसऱ्या वर्षी येणार, त्यातली रेड वाईन बॅरलमध्ये वर्षभर राहणार, म्हणजे पहिली बाटली टेबलावर यायला चार-पाच वर्षं. तोपर्यंत बँकेचा हप्ता कशावर भरणार?

मी तुमच्या जागी असतो तर संत्र्याच्या बागेतच हॉटेल केलं असतं अन् वाईन दिंडोरी किंवा नाशिकच्या एखाद्या लहान वायनरीशी करार करून आणली असती, जमलं तर आपल्या लेबलखाली. अन् बाटलीवर अन् मेनूवर ठळक लिहायचं की द्राक्ष दिंडोरीचं आहे. लपवायचं काही कारण नाही. नागपुरी संत्र्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, काटोलचा आंबिया बहार अन् मृग बहार (संत्र्याचे वर्षातले दोन हंगाम) पाहायला पुण्या-मुंबईचा माणूस हौसेनं येईल, डिसेंबरमध्ये झाडाचं संत्रं स्वतः तोडून खायला मिळणं ही लक्झरीच आहे, ती आपण फुकट समजतो. वाईनला बागेची सोबत हवी असते, ती बाग द्राक्षाचीच पाहिजे असं नाही.

आता प्रमोशन, कारण तुमचा खरा प्रश्न तोच दिसतो. पहिली गोष्ट, वाईनची जाहिरात करता येत नाही. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे अन् त्यात दारूच्या जाहिरातीवर बंदी आहे, टीव्हीसाठी केबलचे १९९४ चे नियम वेगळे. त्यामुळे चौकात होर्डिंग, पेपरात अर्धं पान, 'दोन बाटल्यांवर एक फ्री' असलं काही डोक्यात असेल तर सोडून द्या. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय घेतला होता, केवढा विरोध झाला ते सगळ्यांनी पाहिलं, अन् ते प्रकरण तिथंच अडकलं. तुम्ही हॉटेलची जाहिरात करा, जेवणाची करा, बागेची करा. वाईनचं प्रमोशन फक्त एका जागी होतं, तुमच्या हॉटेलच्या टेबलावर, ग्लासात ओतणाऱ्या पोराच्या तोंडून.

हे मी उगीच म्हणत नाही. सुलाचे राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला आले, २००० साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली, तेव्हा आपल्याकडे वाईन पिणारे होतेच किती? २००५ मध्ये त्यांनी वायनरीत टेस्टिंग रूम उघडली, लोक येऊन छोटे छोटे घोट घेऊन पाहू लागले, ग्लास कसा धरायचा, वास कसा घ्यायचा हे तिथंच शिकू लागले, २००८ पासून सुलाफेस्ट हा बागेतला संगीत महोत्सव सुरू झाला, मग राहायची सोय आली. गिऱ्हाईक जाहिरातीनं नाही तयार झालं, बागेत येऊन तयार झालं. अकलूजजवळ फ्रातेलीनंही लोकांना मुक्कामाला बोलावून हेच केलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की इन्फिनिटी पूलचे पैसे अर्धे करा अन् ते स्टाफवर लावा. नाशिकला आमच्याकडे एक पोरगा होता, बारावी शिकलेला, दिंडोरीकडच्या गावातला, घरी द्राक्षाचीच शेती. एकदा नागपूरचंच एक कुटुंब आलं होतं, काका टेस्टिंगला बसले, काकू म्हणाल्या मी घेत नाही बाबा. त्यानं आग्रह केला नाही, फक्त सोविन्यो ब्लां या व्हाईट वाईनचा ग्लास त्यांच्यापुढं धरून म्हणाला, काकू, पिऊ नका, नुसता वास घ्या, कशाचा येतो सांगा. काकूंनी वास घेतला, थोडं थांबून म्हणाल्या कच्च्या पेरूचा. पुढचा अर्धा तास काकूच प्रत्येक ग्लासाचा वास घेऊन काकांना सांगत होत्या, यात मिरे, यात जांभूळ, अन् जाताना काकांनी घेतलेल्या बाटल्या काकूंनी निवडलेल्या होत्या. एक थेंब न पिता. असा माणूस तुम्हाला मासिक पगारावर सापडत नाही, त्याला वायनरीत तोडणीच्या हंगामात पाठवावं लागतं, टाकी धुवायला लावावी लागते, मग तो पाठ केलेलं न बोलता पाहिलेलं बोलतो.

त्याला आणखी एक सवय लावा, ओतायच्या आधी रिकाम्या ग्लासाचा वास घ्यायची. आपल्याकडे ग्लास धुतला की ओल्या फडक्यानं पुसून उलटा ठेवतात, त्या फडक्याचा कुबट वास ग्लासात बसतो, पाहुण्याला वाटतं वाईनच खराब आहे अन् तो काही न बोलता बिअर मागवतो. तुम्हाला कधी कळणारही नाही की गिऱ्हाईक कुठं गेलं.

नागपूरची उष्णता तर वेगळाच विषय आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की रेड वाईन रूम टेंपरेचरला द्या, ते रूम टेंपरेचर म्हणजे १६ ते १८ डिग्री, आपल्या मे महिन्यातली रूम नव्हे. व्हाईट ८ ते १० डिग्रीला. वाईनसाठी वेगळी थंड खोली लागेल, २४ तास चालणारी, तिला जनरेटरची लाईन वेगळी, कारण काटोल रोडला पावसाळ्याआधीच्या वादळात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. उन्हात तापलेल्या बाटलीचा कॉर्क वर सरकतो, त्यावरच्या कॅप्सूलखाली (बाटलीच्या तोंडावरचं वेष्टन) चिकट चिकट लागतं, अशी बाटली आली तर उघडून चाखून पाहिल्याशिवाय टेबलावर पाठवायची नाही. वर्षाचा स्टॉक फेब्रुवारीच्या आत भरून घ्या, एप्रिल-मेमध्ये ट्रकनं वाईन मागवूच नका. समृद्धी महामार्ग झाल्यापासून इगतपुरी-नाशिककडून गाडी रात्रीतून येते, मोठी सोय झाली, फक्त एक्साईजचा वाहतूक पास गाडीतच पाहिजे.

जेवणात मात्र आपल्या हातात हुकमी पत्ता आहे अन् तो नाशिकवाल्यांकडे नाही. पाहुणा लांबून काटोलला आला अन् तुम्ही त्याला पास्ता दिला तर तो पुन्हा येणार नाही. सावजी द्या, पाटोडी रस्सा द्या, वडाभात द्या. फक्त सावजीसोबत जाड, तुरट रेड देऊ नका, तिखटापुढं तो तुरटपणा अजून टोचतो अन् अल्कोहोलनं तोंडाची आग वाढते. किंचित गोडसर चेनिन ब्लां (ही पण व्हाईट वाईनच) चांगली थंड करून द्या, नाहीतर झिनफँडेल द्राक्षाची रोझे म्हणजे गुलाबी वाईन, तिचा आंबटपणा तर्रीचं तेल कापतो. पाटोडी रश्श्यासोबत चेनिन इतकी छान जाते की मी मुंबईच्या पाहुण्यांना दुसऱ्यांदा रस्सा मागताना पाहिलंय. गोडात लेट हार्वेस्ट चेनिन, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षाची गोड वाईन, ठेवा, पण संत्रा बर्फी वाईनपेक्षा जास्त गोड असते, तिच्यापुढं वाईन पाणचट अन् आंबट लागते, म्हणून बर्फीचा अगदी छोटा तुकडा अन् बाजूला ताज्या संत्र्याच्या सोललेल्या फोडी द्यायच्या. हाच मेनू तुमचं प्रमोशन आहे. पाहुणा सावजीच्या ताटाचा फोटो टाकतो, ग्लास त्यात आपोआप येतो, तुम्हाला एक शब्द लिहावा लागत नाही.

मेनूवर वाईन सहा-सातच ठेवा. ग्लासवारी विकायची असेल तर उघडलेली बाटली फ्रीजमध्येसुद्धा दोन-तीन दिवसच चांगली राहते, बाटलीवर उघडल्याची तारीख टाका, अन् तारीख गेली की किचनला द्या, पाहुण्याला नको. टेस्टिंगचे पैसे घ्या, पण ३०-४० मिलीचेच घोट ओता, थुंकायला भांडं ठेवा, ड्रायव्हर असेल त्याला नाही म्हणा. वाईनसाठी वय २१ पूर्ण लागतं, ओळखपत्र मागायला लाजू नका.

पाहुणे कुठून येणार हेही पाहून घ्या. वाघाचे पाहुणे मिळतील असं धरू नका, पेंच उत्तरेला, ताडोबा दक्षिणेला, काटोल त्या रस्त्यावर पडतच नाही. तुमचा खरा पाहुणा धरमपेठ, रामदासपेठेतला शनिवार-रविवारवाला, अन् समृद्धीनं येणारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नवाले मागं लागतील, डीजेसकट, एका रात्रीत मोठी रक्कम दिसते. घेऊ नका. त्याच रात्री शांततेसाठी जास्त भाडं भरून आलेले चार पाहुणे कायमचे जातात, अन् वाईन घेणारे तेच चार असतात. घ्यायचंच असेल तर पूर्ण हॉटेल एकाच घराला द्या, लहान लग्न, दिवसाचं.

पाहुणा जाताना सोबत बाटली नेत असेल तर तो कुठला आहे ते विचारा. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपूरची २०१५ ला लागलेली बंदी २०२१ मध्ये उठली. वर्ध्याच्या पाहुण्यानं प्रेमानं दोन बाटल्या डिकीत टाकल्या अन् सीमेवर गाडी तपासली तर त्याची सुट्टी अन् तुमचं नाव दोन्ही खराब होतं. छिंदवाडा, शिवनीचे लोक म्हणजे दुसरं राज्य, तिथले नियम वेगळे. चेकआऊटच्या काउंटरवरच हे सांगायची पद्धत पाडा, लोकांना ते आवडतं, त्यांना वाटतं हे आपली काळजी करून राहिले.

अन् आर्किटेक्टला भेटायच्या आधी गावात जा. परमिट रूमचं एफएल-३ लायसन लागेल, अन् गावातल्या बायकांना नको असेल तर त्या मतदान घेऊन बाटली आडवी करू शकतात, तो त्यांचा हक्क आहे अन् दारूनं घरं मोडलेली त्यांनी पाहिली आहेत, त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायलाच पाहिजे. हॉटेलबाहेर गावात एक बाटली विकणार नाही हे ग्रामसभेत लेखी द्या, किचन, हाऊसकीपिंग अन् बागेतली कामं आधी गावातल्या बायका-पोरांना द्या, पाटोडी अन् वडाभात तर त्यांच्याच हातचा ठेवा. हे जमलं की मग जमिनीच्या बिगरशेती (एनए) वापराचं काय लागतं ते पाहा अन् खोल्यांचा नकाशा काढा.