ऑप्टिकल मॅपिंगचा कोर्स करून वागेनिंगेनला पीएच.डी. मिळेल का?

तू लिहिलंस, "ताई, एम.एस्सी. झालंय, पिंपळगावला घरची द्राक्षबाग आहे. ऑप्टिकल मॅपिंगचा ऑनलाइन कोर्स केला तर वागेनिंगेनला पीएच.डी. मिळेल का?" (वागेनिंगेन म्हणजे नेदरलँड्समधलं शेती-संशोधनाचं विद्यापीठ, मी तिथूनच लिहितेय. इथे 'ग' घशातून 'ख'सारखा काढतात. मुलाखतीत चुकलं तरी कुणी मनावर घेत नाही.)

नुसत्या कोर्सवर नाही मिळणार. का ते सांगते.

कांद्याचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए-मजकूर, सुमारे 16 अब्ज अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या पाचपट. गव्हाचाही जवळपास तेवढाच, शिवाय त्यात एकमेकांसारखे तीन उपजीनोम (जीनोमचे संच) आणि 80 टक्क्यांहून जास्त मजकूर तोच तो. सिक्वेन्सर (डीएनएची अक्षरं वाचणारं यंत्र) तुकडे वाचतो, पण सारखेच दिसणारे तुकडे लावायचे कुठे? रात्रीच्या एसटीतून आग्रा रोडने येताना गावांच्या पाट्या दिसत नाहीत. तरी टोलनाका, मग इतक्या वेळाने पूल, मग वळण, हा अंतरांचा क्रम ओळखीचा असला की आडगाव आलं हे कळतं. ऑप्टिकल मॅपिंग हेच करतं. अक्षरं वाचत नाही. डीएलई-1 नावाचं एन्झाइम सी-टी-टी-ए-ए-जी दिसेल तिथे चमकता ठिपका लावतं, डीएनएचा रेणू नॅनोचॅनलमध्ये (अतिसूक्ष्म नळीत) सरळ ताणला जातो आणि कॅमेरा ठिपक्यांमधली अंतरं टिपतो. त्या नकाशावर तुकडे बसवले की कुठले जोडायचे, कुठे चुकीचा सांधा झालाय, मधली फट केवढी, हे समजतं. मक्याच्या बी-73 वाणाचा 2017चा सुधारित जीनोम लाँग रीड्स (सलग वाचलेले लांब तुकडे) आणि ऑप्टिकल मॅप एकत्र वापरून बांधला होता. मात्र तुकडा फार लहान असेल तर त्यावर ठिपकेच पुरेसे नसतात, मग तो लोंबकळतच राहतो.

आता लाँग रीड्स अचूक झालेत, हाय-सीही (केंद्रकात जवळ असलेले डीएनएचे भाग शोधून तुकड्यांचा क्रम लावायची पद्धत) आहे. त्यामुळे फक्त ऑप्टिकल मॅपिंग येतं म्हणून कुणी बोलावत नाही. सॉफ्टवेअर तर इथे आल्यावर दोन महिन्यांत येतं. अडतं ते अखंड डीएनए काढण्यापाशी, आणि त्यात हात बसलेला माणूस सगळ्यांना हवा असतो. 10 लाख अक्षर-जोड्यांचा डीएनएचा रेणू ताणला तर 0.34 मिलिमीटर भरतो. पिपेटच्या बारीक टिपमधून ओढला किंवा व्हॉर्टेक्स केला (यंत्रावर गरगर हलवला) की तुटलाच. म्हणून आधी केंद्रकं वेगळी काढायची, अगारोजच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) वडीत बसवायची आणि पेशीतला बाकीचा कचरा तिथेच धुवायचा. द्राक्षाचं पान तर फार छळतं. पॉलिफिनॉल्समुळे बघता बघता तपकिरी पडतं. पीव्हीपी, मर्कॅप्टोइथेनॉल (तपकिरी पडणं रोखणारी रसायनं), बर्फ, सगळं हाताशी ठेवूनही माझ्या पहिल्या कित्येक वड्या चहासारख्या झाल्या होत्या. तुमच्या विभागात पल्स्ड फील्ड जेलची (लांब डीएनए लांबीनुसार वेगळा करून दाखवणाऱ्या जेलची) सोय असेल तर त्याचा फोटो अर्जाला जोड. प्रमाणपत्रापेक्षा तो जास्त बोलेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. इथे पीएच.डी. म्हणजे नोकरी, साधारण चार वर्षांचा करार आणि पगार. फीची जुळवाजुळव नाही, कर्ज काढू नकोस. राहण्याच्या परवान्याचा अर्ज विद्यापीठच करतं. जन्मदाखला मात्र आत्ताच काढून बघ. माझ्या दाखल्यावर नावाच्या जागी नुसती रेघ होती, ते दुरुस्त करायला तीन महिने आणि बाबांच्या सहा फेऱ्या गेल्या. दाखला इंग्रजीत हवा आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का) हवं, नाहीतर इथल्या नगरपालिकेत नोंदणी अडते.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेत कोवळी फूट येईल, सरावाला तीच घे. एक-दोन वेली दोन दिवस काळ्या कापडाने झाक, पिष्ट कमी होतं. आणि त्या वेलींवर बोर्डो (बुरशीनाशक) मारू नका असं काकांना आधीच सांगून ठेव, माझा एक अख्खा नमुना त्या निळ्या थरापायी वाया गेलाय.