जॅझची सम कुठे सापडते?

प्रश्न : शास्त्रीय संगीत लहानपणापासून ऐकतो, पेटी थोडीफार वाजवतो. मुलाच्या सांगण्यावरून मोबाइलवर जॅझ लावून पाहिलं. सुरुवातीची धून कळते, पण पुढे जो तो मनाला येईल ते वाजवतोय असं वाटतं. सम सापडतच नाही. ऐकायचं कसं?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : मनाला येईल ते कुणीच वाजवत नसतं. आवर्तन चालूच असतं. ते लांब असतं आणि तबल्यासारखे बोल देऊन कुणी ते सांगत नाही, एवढंच. विलंबित एकताल ऐकलेल्या कानाला ही लांबी जड जाणार नाही.

एकच रचना घ्या आणि आठवडाभर तीच ऐका : ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधली पहिली, ‘सो व्हॉट’. नऊ मिनिटांची आहे. आरंभी अर्धा मिनिट पियानो आणि डबल बास (उभं धरून वाजवायचं, व्हायोलिनच्या घरातलं मोठं खर्जाचं वाद्य) आलापासारखे चालतात, तिथे मोजू नका. मग बास मुखडा धरतो आणि बाकीचे त्याला दोन सुरांचं उत्तर देतात. इथून मोजा. चार मात्रांचा एक बार, असे ३२ बार, म्हणजे १२८ मात्रांचं आवर्तन. याला कोरस म्हणतात. त्याचे आठ-आठ बारांचे चार भाग पडतात. पेटी जवळ घ्या : पहिल्या दोन भागांत पांढरी दोनला सा मानलं तर काफी थाटाचे सूर मिळतात. तिसऱ्या भागात तेच सगळं काळी दोनवर सरकतं, चौथ्यात परत पांढरी दोनवर येतं. समेपेक्षा ही सरकण्याची खूण धरा.

मुखड्यानंतर माइल्स यांच्या ट्रम्पेटची दोन आवर्तनं, मग जॉन कोल्ट्रेन यांचा टेनर सॅक्सोफोन दोन, कॅननबॉल ॲडर्ली यांचा आल्टो दोन, बिल इव्हान्स यांचा पियानो एक, आणि परत मुखडा. नवखा हरवतो तो बहुधा आवर्तनांच्या सांध्यावर. आधीचा चौथा भाग आणि नव्या आवर्तनाचे पहिले दोन, असे सलग २४ बार सा हलतच नाही, त्यामुळे नवं आवर्तन कधी सुरू झालं ते समजत नाही. हरवलात तर मोजणं सोडा, काळी दोनची वाट पाहा आणि तिथून पुन्हा एक धरा.

टाळी पहिल्या मात्रेवर देऊ नका. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. ड्रमवाला पायाने हाय-हॅट, म्हणजे एकावर एक बसवलेल्या झांजांची जोडी, तिथेच मिटतो.

आणि मोबाइलच्या स्पीकरवर तर मुळीच ऐकू नका. डबल बासचा सर्वांत खालचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. इतक्या लहान स्पीकरमधून तो येत नाही. आवर्तनाचा कणा म्हणजे बास, तोच गेला तर उरतं ते तुम्हाला ऐकू आलं तेवढंच. हेडफोन दोन्ही कानांना लावा, कारण या ध्वनिमुद्रणात दोन सॅक्सोफोन दोन बाजूंना आहेत.

प्रश्न : याच अल्बमची जुनी रेकॉर्ड मिळाली. तिच्याबरोबर पेटी जुळत नाही, सूर किंचित चढे लागतात. टर्नटेबल बिघडलं का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : बहुतेक नाही. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्च १९५९ला ध्वनिमुद्रित झाल्या, तेव्हा टेप यंत्र जरा हळू चालत होतं. ती टेप योग्य गतीने वाजवली की सूर चढतात. १९९२मध्ये ही चूक दुरुस्त करून अल्बम पुन्हा निघाला. दुसरी बाजू २२ एप्रिलची आहे, तिच्यात हा दोष नाही. म्हणून पेटी आधी ट्यूनरवर तपासा आणि दुसऱ्या बाजूची ‘ऑल ब्लूज’ लावा. तिचा सा पांढरी पाच. ती जुळली तर टर्नटेबल ठीक आहे. तीही चढी लागली, तर मात्र गती तपासून घ्या.

प्रश्न : प्रत्यक्ष मैफल जवळ कुठे ऐकायला मिळेल?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम होतात, त्यांचं वेळापत्रक पाहत राहा. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जाता येईल, पण परतीची पंचवटी संध्याकाळीच सुटते, त्यामुळे रात्रीच्या मैफलीसाठी मुक्काम धरूनच निघा. जागा ड्रम आणि बास दोन्ही दिसतील अशी घ्या. हाय-हॅटवरचा पाय दिसला की दुसरी आणि चौथी मात्रा शोधावी लागत नाही.