दोन सिलिंडरच्या आउटबोर्डचा (होडीच्या मागे लावायच्या इंजिनाचा) फक्त खालचा पिस्टन जॅम का झाला, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की टू-स्ट्रोक मशीन आहे, ऑइल पेट्रोलमध्ये हातानेच मिसळता, खालचा पिस्टन जॅम झालाय आणि वरचा ठीक आहे. मेकॅनिक म्हणतो, ऑइल कमी पडलं, बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कोरून रुंद करून, ओव्हरसाइझ (मोठ्या मापाचा) पिस्टन टाकू.

मला ते पटत नाही. दोन्ही सिलिंडरांना पेट्रोल एकाच टाकीतून जातं. ऑइल कमी असतं तर वरच्या पिस्टनवरही ओरखडे आले असते, तेही इनटेकच्या (मिश्रण आत येतं त्या) बाजूपर्यंत, आणि कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक तापून निळसर पडलं असतं. तेवढं बघून घ्या. पण एकच सिलिंडर गेलं की कारण आधी त्याच सिलिंडरपाशी शोधायचं.

आणि कृपा करून पार्ट अजून रॉकेलमध्ये टाकू नका. आपल्याकडे इंजिन उघडलं की पहिली धुलाई होते, मग कारणावर वाद घालत बसतात. त्या काळ्या थरातच अर्धं उत्तर असतं.

पिस्टनचा माथा बघा. वरच्यावर तपकिरी-काळा कार्बन असेल आणि खालचा धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी येत होतं. हेड पॅकिंग उजेडात धरा, गळती झालेल्या जागी डाग दिसतो. बेअरिंगवर गंजाचे ठिपके असतील तर पाणी क्रँककेसपर्यंत (क्रँक फिरतो त्या पेटीपर्यंत) पोचलंय, मग नुसत्या पिस्टनने भागणार नाही.

माथा पांढरट-करडा, एक्झॉस्टकडची (धूर बाहेर जातो तिकडची) कड वितळलेली आणि ओरखडेही मुख्यतः त्याच बाजूला असतील, तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात होती. तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय यावरच आहे. दोन सिलिंडरांना दोन कार्बोरेटर असतील तर खालच्याचा जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) काढून उजेडासमोर धरा. पावसाळाभर मशीन उभं राहिलं की बाऊलमधलं (कार्बोरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल सुकतं आणि चिकट थर जेटमध्ये बसतो. जेट साफ निघाला तर क्रँकचं खालचं ऑइल सील बघा. क्रँक उभा असल्यामुळे ते सील खालच्या सिलिंडरच्या वाट्याला येतं. ते कडक झालं की तिथून हवा ओढली जाते, आणि कार्बोरेटर कितीही साफ केला तरी फरक पडत नाही. इनटेकचं पॅकिंगही तपासा.

माथ्याच्या कडेला बारीक टोचे पडले असतील, रिंगांमधली भिंत तुटली असेल, तर तो ठोका आहे, म्हणजे मिश्रण सिलिंडरमध्ये स्फोटासारखं भडकत होतं. ठिणगीचं टायमिंग आणि पेट्रोलचा दर्जा बघावा लागेल.

ओरखडे पिस्टनभर सगळीकडे असतील तर इंजिन तापलंय. "पाण्याची धार तर चांगली येत होती" यावर विसंबू नका. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार येते म्हणजे पंप चालतो, एवढंच. सिलिंडरभोवतीच्या वाटा मिठाने बुजल्या असल्या तरी धार येऊ शकते. पंपातल्या इम्पेलरचं (फिरणाऱ्या रबरी चक्राचं) एखादं पातं तुटलेलं दिसलं तर तो तुकडा शोधा, बहुधा वरच्या वाटेत अडकलेला सापडेल.

बोअरिंगला पैसे त्यानंतरच घाला. क्रँककेस बंद करताना सील नवीनच टाका, पोर्ट (आत-बाहेर जायची भोकं) बंद करून हलका हवेचा दाब द्या आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर तिथेच थांबा, हेड चढवू नका.