पहिली-दुसरीच्या मुलांसोबत वाचायला बसताना

ताई, पहिल्याच दिवशी बाराखडीचा तक्ता काढू नका. ओळीखाली बोट फिरवत गोष्ट वाचून दाखवा. तीच गोष्ट पुन्हा मागतील, खुशाल वाचा. चौथ्या-पाचव्या वेळी मुलं तुमच्याआधी शब्द बोलू लागतात.

कुठे अडखळतात ते बघा. 'चिमणी'तली पहिली वेलांटी 'च'च्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. मूल डावीकडून वाचत येतं, म्हणून तिथे थबकतं. जोडाक्षरांची घाई तर नकोच. सुरुवातीला मी प्रत्येक चूक मधेच सुधारायचे. कळव्याच्या वर्गातली एक मुलगी त्यामुळे महिनाभर तोंडच उघडेना. अजून वाईट वाटतं. आता मी वाक्य पूर्ण होऊ देते.

काहींच्या घरी आगरी असेल, काहींच्या हिंदी. चित्र बघून त्यांच्या बोलीत गोष्ट सांगू द्या, त्यातली चार वाक्यं लिहून त्यांनाच वाचायला द्या. आपलेच शब्द कागदावर दिसले की चेहरे काय फुलतात!

स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी मोफत आहेत. १८९३ पासूनचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालयही एकदा मुलांना दाखवा, पालकांसकट. आणि पुस्तकं घरी न्यायला द्या. फाटतील, चिकटपट्टी जवळ ठेवा.