आधी रस्सा चाखा, मग बाटली निवडा

मित्रांना पहिल्यांदाच जेवायला बोलावताय ना? मग वाइनचं 'मांसाला रेड, माशाला व्हाइट' हे पाठांतर सोडा. जोडी जमते ती मसाल्याशी आणि आंबटपणाशी. बेत तिखट असेल तर टॅनिनवाली, म्हणजे तोंड कोरडं करणारी तुरट, जड रेड नकोच, तिखट आणखी झोंबतं. मी एकदा हौसेनं कॅबरने ही अशीच जड रेड उघडली आणि दोन घोटांत सगळे पाणी मागत सुटले! त्यापेक्षा किंचित गोड, कमी अल्कोहोलची रीसलिंग ही व्हाइट वाइन घ्या. लिंबू पिळलेल्या पदार्थाला सोव्हिनियों ब्लां ही आंबटसर व्हाइट. शेवटच्या गोडाबरोबर वाइन त्याहून गोड हवी, नाहीतर ती नुसती आंबट लागते. उकाड्यात रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. 16-18 अंशांवर ती खुलते. आणि हो, 750 मिलीच्या बाटलीत पाचच ग्लास होतात.