बेसबॉलपटू रोबेर्तो क्लेमेंटेला निवृत्तीनंतरची पाच वर्षं न थांबता हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मानयादीत, का घेतलं?

कारण कारकीर्द चालू असतानाच तो गेला, आणि गेला तो मदतकार्यात. 31 डिसेंबर 1972 रोजी निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेलं त्याचं विमान प्वेर्तो रिकोजवळ समुद्रात कोसळलं. आधी पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही असं कळल्यामुळे तो स्वतः निघाला होता. वय अवघं 38. म्हणून पाच वर्षांची अट बाजूला ठेवून 1973 मध्ये खास मतदान घेतलं गेलं.

पण ही केवळ सहानुभूती नव्हती. सूट फक्त थांबण्यापुरती होती, मतं त्याला मिळवावीच लागली: 424 पैकी 393. ती त्याच्या खेळाला होती. पिट्सबर्ग पायरेट्सकडून 18 हंगाम, बरोबर 3000 हिट (चेंडू मारून बेस गाठणारे यशस्वी फटके), फलंदाजीत चारदा लीगमध्ये पहिला, 1960 आणि 1971 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपदाची मालिका, जिंकलेल्या संघात. उजव्या आउटफिल्डमधून (मैदानाच्या बाहेरच्या भागातून) त्याची फेक इतकी जबर की धावपटू पुढचा बेस घ्यायला कचरत. क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार सलग 12 वर्षं त्याच्याकडेच होता. नंतर नियमच बदलला: खेळाडूचा मृत्यू झाल्यास सहा महिन्यांनी तो मतदानासाठी पात्र ठरतो.