ऑर्डर आधीची, विमान नंतरचं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका मोबाइल दुकानदारांचं पत्र आहे. सप्टेंबर 2019 च्या सुरुवातीला त्यांनी चीनहून ई-सिगारेटचे पॉड, कॉइल आणि फ्लेवरच्या बाटल्या मागवल्या, पैसे आगाऊ भरले. पार्सल 23 सप्टेंबरला मुंबईच्या एअर कार्गोत उतरलं आणि तिथेच अडकलं. कस्टम्सने माल जप्त करून दंड लावला, तो यांनी मुकाट्याने भरला. आता इतक्या वर्षांनी मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स आलंय. विचारतात, ऑर्डर दिली तेव्हा बंदी नव्हती, मग मी गुन्हेगार कसा? एजंट तर म्हणाला होता की आयातबंदीची अधिसूचना 26 तारखेची आहे, आपला माल त्याआधीच आला. आणि दंड भरून झाल्यावर पुन्हा खटला कशाचा?

माल वेगळा, रड तीच, अशी पत्रं नेहमी येतात. 2018 मध्ये ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं तेव्हाही दुकानदारांकडून ‘काल तर चालत होतं’ हेच ऐकलं.

आधी एजंटचं बोलणं निकालात काढू. विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना 26 सप्टेंबरची, हे बरोबर. पण ई-सिगारेटवरची मूळ बंदी अध्यादेशाने 18 तारखेलाच आली होती, आणि डिसेंबरात संसदेने केलेला कायदाही 18 सप्टेंबरपासूनच लागू धरला गेला. त्याच्या कलम 4 मध्ये आयातीवर बंदी आहे, आख्खी वस्तू असो वा तिचा एखादा भाग. निकोटिन नव्हतं हा बचाव चालत नाही, कारण व्याख्येतच ‘निकोटिन असो वा नसो’ म्हटलंय. नुसत्या बाटल्या ‘भाग’ ठरतात का यावर वाद घालता येईल, पण तुमच्या खोक्यात पॉड आणि कॉइलही होते.

घटनेचं कलम 20 आधीच्या कृत्याला नंतरचा कायदा लावू देत नाही, हे तुम्ही कुठेतरी वाचलेलं दिसतं. पण इथे कृत्य कोणतं? ऑर्डर देणं हा गुन्हा नाही, माल देशात आणणं हा आहे, आणि तो 23 ला आला.

‘मला माहीत नव्हतं’ याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच प्रकरणात देऊन ठेवलंय. मायर हान्स जॉर्ज नावाचा जर्मन माणूस नोव्हेंबर 1962 मध्ये झुरिकहून मनिलाला निघाला होता. अंगावरच्या जाकिटात 34 किलो सोनं. विमान 28 तारखेला पहाटे सांताक्रूझला थांबलं. वाटेतलं सोनंही विमानाच्या यादीत जाहीर केलं पाहिजे, अशी रिझर्व्ह बँकेची नवी अधिसूचना अवघी चार दिवस आधी, 24 ला, गॅझेटात छापून आली होती. झुरिकमध्ये बसलेल्या माणसाने भारताचं गॅझेट कुठून वाचावं? हायकोर्टाने सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने पुन्हा दोषी धरलं: गॅझेटात छापलं की पुरे. शिक्षा मात्र भोगली तेवढीच ठेवली.

तुम्हाला तर गॅझेट उघडायचीही गरज नव्हती. 18 ला खुद्द अर्थमंत्र्यांनी पत्रकार परिषदेत बंदी जाहीर केली, टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं. माल नको, परत पाठवा, असा दोन ओळींचा मेल तेव्हा कुरियरला गेला असता तर आज माझ्या हातात काहीतरी असतं. त्याऐवजी तुम्ही 24 ला मेल केलात: ‘डिक्लेरेशनमध्ये मोबाइल अ‍ॅक्सेसरीज लिहा.’ आणि त्याची प्रत मला पुरावा म्हणून जोडलीत! तो पुरावाच आहे, पण समोरच्या बाजूचा.

दोनदा शिक्षेचं एका वाक्यात: कस्टम्सची जप्ती आणि दंड म्हणजे फौजदारी खटला नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1953 च्या मकबूल हुसेन निकालापासून ठरलेलं आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात तारखाच तारखा आहेत, फक्त हवी ती नाही: ही तक्रार कोर्टात दाखल कधी झाली? पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा एक लाख दंड, किंवा दोन्ही. एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्यासाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 468 प्रमाणे खटला भरायची मुदत एकच वर्ष, म्हणजे सप्टेंबर 2020 पर्यंत. सरकारी वकील कोविडकडे बोट दाखवतील. 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला होता. तो फौजदारी तक्रारीलाही लागतो असं धरलं, तरी उरलेले सहाएक महिने सप्टेंबर 2022 च्या सुरुवातीला संपतात. तक्रारीवर त्यानंतरचा शिक्का असेल तर तुमचा वकील उभा राहू शकतो. विलंब माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, पण तुमचं म्हणणं ऐकून.

समन्सवरची तारीख बघू नका. 2013 च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे तक्रार दाखल झाल्याचा दिवस मोजतात, कोर्टाने दखल घेतल्याचा नाही. आपल्या कोर्टांत या दोहोंमध्ये वर्षं निघून जातात, म्हणून सर्टिफाइड नक्कल काढा. त्यातच कलमं पाहा. कस्टम्स कायद्याचं 135 जोडलं असेल तर शिक्षा वाढते, मुदतीचं गणित बदलतं, आणि मग मी इथे बसून ठाम काही सांगणार नाही.

पहिल्या तारखेला ‘गुन्हा कबूल?’ असं विचारतील. कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी सांगेलच, हो म्हणा, थोडा दंड भरा, मोकळे व्हा. नक्कल हातात येईपर्यंत हो म्हणू नका. मुदतीचा मुद्दा तिथेच संपेल, आणि पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड.

पुन्हा सापडायची सोयही तुम्ही करून ठेवली आहे. शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय, ‘त्याआधीचे दोन खोके माळ्यावर पडून आहेत.’ साठा ठेवणं हा कलम 5 चा वेगळा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदीच्या दिवशी हातात असलेल्या मालाची यादी विनाविलंब, आपणहून अधिकृत अधिकाऱ्याकडे द्यायची होती. माल माळ्यावर आहे तोवर हा गुन्हा रोज चालू आहे असं म्हणता येईल, म्हणजे मुदतीचा बचाव तिथे बहुधा चालणार नाही. ते खोके विकू नका, जाळू नका, मेहुण्याकडे हलवू नका. वकिलाला आधी त्यांच्याबद्दल सांगा, खटल्याबद्दल नंतर.